अंगण, ओटी आणि 'सिट-आऊट'

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. लेकानं पुण्याहून एक मोठ्ठा कागद गुंडाळी करून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. आमच्या गावच्या घराचा नवा नकाशा! संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. (नात्यातल्या मंडळींनी तर तिथे मे महिन्यात गाद्यांवरून भांडणंसुद्धा केली आहेत!) दोन पावसाळ्यांपूर्वी स्वयंपाकघराची भिंत आणि मागची पडवी खचली. तेव्हापासून 'आता काय करायचं?' हा प्रश्न लोंबकळत होता. शेवटी ठरलं की पुढचं घर आहे तसं ठेवायचं आणि मागचा भाग नव्यानं बांधायचा.

नकाशा छान होता. पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे नदीच्या वळणाकडे, एक मोठा चौकोन काढला होता. त्यात गोल टेबल, सहा खुर्च्या, एका कोपऱ्यात शेगडी.

"हे काय रे?" मी विचारलं.

"सिट-आऊट, आई. पाहुणे आले की इथे बसायचं. समोर सूर्यास्त, खाली नदी. मागे लोक काढतात ना डेक, तसं."

"आणि स्वयंपाकघर?"

ते दक्षिणेच्या कोपऱ्यात सरकवलं होतं. कारण मधे आलं तर सूर्यास्त झाकला जाणार!

आमच्या ह्यांनी कागदाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बसायला ओटी आहे की. चार पिढ्या बसल्या. पाहुण्याला घराच्या मागे बसवतात का कधी?"

झालं! पुढचा महिनाभर आमच्याकडे ह्या एकाच विषयावर चर्चा. लेक म्हणे मागे, हे म्हणत पुढे. आणि मला कुणी विचारलं नाही म्हणून मी आपणहून बोलायचं ठरवलं. पस्तीस वर्षं वर्गात बोलण्याचा पगार घेतलाय, ती सवय जात नाही.

तर आज त्याबद्दलच लिहिते. 'घराबाहेर चार माणसं बसवायची जागा कुठे असावी' हा विषय वरवर पाहता गवंडी आणि आर्किटेक्ट यांचा. पण मला तसं वाटत नाही.

आधी जुन्या घराबद्दल सांगते, म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही कळेल. घर पूर्वाभिमुख. समोरून पाखाडी जाते. मग अंगण, चार पायऱ्या, ओटी. ओटीवर झोपाळा. ओटीतून आत गेलं की माजघर, भर दुपारीसुद्धा अंधारं आणि गार. त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. मग मागलं दार, विहीर, धुण्याचा दगड, आळूचं बन. कोकणातली बहुतेक जुनी घरं थोड्याफार फरकानं अशीच. देशावरच्या वाड्यात ओटीच्या जागी ओसरी किंवा सोपा असतो, शेजारच्या गोव्यात दारापुढे समोरासमोर दगडी बाकं असलेला बल्कांव असतो. पण तत्त्व एकच. बाहेरचा माणूस घराच्या पुढच्या तोंडाशी बसवायचा आणि चूल शेवटच्या टोकाला.

ह्यात शहाणपण खूप होतं, ते मी नाकारत नाही. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारता यायची. "काय, बाजाराक?" म्हटलं की तो पायरीवर टेकायचाच. निमंत्रण नाही, फोन नाही. दिवाळीच्या आसपास पाऊस थांबला की अंगण नव्यानं करायचं. माती भरायची, पाणी मारायचं, चोपायचं, सारवायचं. वर मांडव घालायचा. तो मांडव पावसापूर्वी उतरवायचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी येते, ती ह्याच अंगणात नाचते. म्हणून अंगणावर कायमचं छप्पर घालायला किंवा तिथे गाड्या लावायची फरशी करायला माझा पहिल्यापासून विरोध. वर्षातून एकदा येणारी असली तरी ती देवाची जागा आहे, आणि देवाला पाहुण्याच्या आधी जागा लागते.

पण ह्या सुंदर व्यवस्थेत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. की आली, पण कुणी बोललं नाही?

माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चाळिशीच्या पुढे असतील. बोलण्यात अतिशय मिस्कील. शेजारणीची नक्कल करायला लागल्या की आम्ही पोट धरून हसायचो. पण ओटीवर माणसं जमली की त्या आत. सासरे, चुलतसासरे, मुंबईहून आलेले पाहुणे, भजनी मंडळी... रात्री दहा-दहा वाजेपर्यंत गप्पा चालायच्या. मधूनच हास्याचा मोठा स्फोट व्हायचा. तो आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, पण शब्द नाही. मधलं माजघर शब्द गिळून टाकायचं आणि फक्त हसू पुढे पाठवायचं. सासूबाई हातातलं काम थांबवून एक क्षण कान द्यायच्या. मग पुन्हा दूध ढवळायला लागायच्या.

सगळे गेले की त्या रिकामे कप गोळा करायला ओटीवर यायच्या आणि मामंजींना नेमानं विचारायच्या, "मगाशी एवढं काय हसलात?"

मामंजी चांगले होते, मनाचे मोठे. ते सांगायचे. पण तासाभरापूर्वीचा विनोद पुन्हा सांगून हसू येतं का कधी? ते दोन वाक्यांत उरकायचे, सासूबाई 'अस्सं' म्हणायच्या, आणि कप विसळायला आत. किती वर्षं? लग्नापासून मामंजी जाईपर्यंत धरली तर पन्नासच्या वर. पन्नास वर्षं त्यांनी त्या घरातल्या सगळ्या गमती शिळ्या खाल्ल्या.

मी हे तेव्हा पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी स्वतः शाळेत मुलांना निबंध घालायचे, स्पर्धेत परीक्षक म्हणून जायचे, स्टाफरूममध्ये वाद घालायचे. आणि घरी ह्यांचे मित्र आले की ट्रे घेऊन आत-बाहेर. आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत गॅलरी पुढे आणि ओटा मागे. तिथेही मी अर्धी वाक्यं ऐकली. हे म्हणायचे, "अगं ये ना, बस ना." ते मनापासून म्हणायचे. पण बसले तर भजी कोण काढणार?

म्हणून त्या एप्रिलमध्ये नकाशा पाहिल्यावर मी पावलं मोजली. म्हणजे खरोखरच मोजली. मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो तेव्हा. जुन्या चुलीच्या जागेपासून ओटीच्या झोपाळ्यापर्यंत एकतीस पावलं आणि तीन उंबरे. नकाशातल्या नव्या स्वयंपाकघरापासून त्या सिट-आऊटच्या टेबलापर्यंत सव्वीस पावलं आणि चार पायऱ्या, त्याही उतरत्या. हातात ट्रे धरून, माझ्या गुडघ्यांनी! म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत आम्ही पाच पावलं पुढे आलो आणि चार पायऱ्या खाली गेलो.

लेकाला हे सांगितलं तर तो हसला. पण सुनेनं मान वर करून पाहिलं.

मग मी एक प्रयोग सुचवला. कागदावर वाद घालण्यापेक्षा आठवडाभर खुर्च्या हलवून पाहू. तीन जागा. पूर्वेला अंगणात, पश्चिमेला नदीच्या बाजूला, आणि उत्तरेला, जिथे जुनी लाकडं रचलेली असायची. तीन वेळा. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री आठ. नातवाला वही दिली. ऊन कुठवर आलं, वारा आहे का, डास किती, आणि बोललेलं कुणाला ऐकू येतं, एवढं लिहायचं. शाळेत मराठीबरोबर भूगोलही शिकवलाय, तो असा उपयोगी पडला. काय दिसलं ते थोडक्यात सांगते. कोकणात घर बांधणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

पश्चिम. दुपारी चारला तिथे पाच मिनिटंही कुणी टिकलं नाही. ऊन थेट तोंडावर. साडेसहानंतर मात्र... लेकाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नदीत तांबडं पाणी, पलीकडे डोंगराची रेघ. वीस मिनिटं सगळे गप्प बसले. सूर्य बुडाला आणि सगळे उठले! कारण पाठीमागची चिऱ्याची भिंत दुपारभर तापलेली, ती रात्री नऊपर्यंत ऊब सोडत होती. आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूची भिंत जपायला पूर्वी झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. आमचा गवंडी माझा जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "बाई, ह्या बाजूक लाकडाचा डेक म्हणजे दर दोन वर्सांनी माझी रोजगार हमी!"

पूर्व. सकाळी आठला कोवळं ऊन, थंडीत तर तिथून हलू नये. दुपारी चारला घराचीच सावली अंगणात पडते, तेही छान. पण उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा आपल्याकडे समुद्राकडून येतो. म्हणजे पश्चिमेकडून. घर मध्ये आडवं. अंगणात पान हलत नव्हतं. आणि आतलं बोलणं बाहेर, बाहेरचं आत, काही पोचत नव्हतं. ते तर माहीतच होतं.

उत्तर. ह्या बाजूचा कुणी विचारच केला नव्हता. अडगळीची बाजू. पण वाऱ्याला तिथे आडकाठी नाही, तो घराच्या अंगाला घासून जातो. नैर्ऋत्येच्या पावसाला मात्र घर स्वतः पाठ देतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे तिथे दिवसभर सावली. उन्हाळ्यातली गंमत नातवाला मुद्दाम दाखवली. आमच्या गावाच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. अंगणात काठी उभी रोवली तर सावलीच नाही! तिथपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि मावळतोही पश्चिमेच्या जरा उत्तरेला. म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या पडवीत शिरणार. पण वायव्येच्या कोपऱ्यात आमचा जुना रायवळ आंबा उभा आहे. तो सगळं ऊन स्वतःच्या अंगावर घेतो. वहीत नातवानं लिहिलं होतं, 'उत्तर, दुपारी ४ : आजोबा झोपले.' ह्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं?

डास तिन्ही ठिकाणी सारखेच. त्यांना दिशांचं वावडं नाही.

शेवटच्या दिवशी मी गवंड्याला सांगून लाकडाची अडगळ काढायला लावली आणि तिथेच, जमिनीवर विटा मांडून, शेगडी लावली. घावन घालायला बसले. सगळे तीन हातांवर खुर्च्यांत. विषय निघाला जुन्या शिक्षकांचा. मग काय विचारता! माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांची गोष्ट, इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्गात शिरलेल्या बैलाची गोष्ट... एका हातात उलथनं, एका हातात नारळाची शेंडी, आणि तोंड चालू. घावनं संपली तरी कुणी उठेना.

रात्री हे म्हणाले, "तू इतकं बोलतेस? मला माहीतच नव्हतं."

पन्नासहून जास्त वर्षं झाली आमच्या लग्नाला!

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी आता ठासून मांडते. घराबाहेरची बैठक कुठे असावी हे ठरवताना लोक तीनच प्रश्न विचारतात. दृश्य कुठलं? खासगीपणा किती? शोभा कशी दिसेल? हे तिन्ही प्रश्न बसणाऱ्याचे आहेत. करणाऱ्याचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो म्हणजे, जे माणूस खायला-प्यायला करणार आहे, ते करता करता ह्या गप्पांत असेल का? त्याला ऐकू येईल का, त्याचं बोललेलं बाहेर पोचेल का, त्याला दोन मिनिटं टेकता येईल का? माझ्या मते हा प्रश्न पहिला विचारावा. ऊन-वारा-पाऊस दुसरा. सूर्यास्त तिसरा. सूर्यास्त बघायला माणूस चार पावलं चालत जाऊ शकतं. चुलीवरचं दूध सोडून जाता येत नाही.

आता सुनेचा आक्षेप. तो मी प्रामाणिकपणे सांगते, कारण तो मला दोन दिवस सतावत होता. ती म्हणाली, "आई, तुमचं सगळं पटतं. पण तुम्ही बैठक स्वयंपाकघराजवळ आणताय, म्हणजे बायका स्वयंपाकघरातच राहणार हे गृहीत धरताय. खरा उपाय भिंत हलवणं नाही, माणसं हलवणं आहे. ह्यांनी उठून चहा करावा."

काय उत्तर द्यायचं? तिचं बरोबरच आहे. माझ्या पिढीला जे सुचलं नाही ते ती सहज बोलून गेली, ह्याचा मला आनंदच झाला. पण पुष्कळ वर्षं वर्ग सांभाळल्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे. शेवटच्या बाकावरचा मुलगा आळशी नसतो, तो लांब असतो. त्याला पहिल्या बाकावर आणून बसवलं की अर्धं काम होतं. माणसाला जे दिसतं तेच करावंसं वाटतं. मामंजींना सासूबाईंचे हात कधी दिसलेच नाहीत. मध्ये माजघर होतं ना! घावनं घातली त्या संध्याकाळी लेकाला माझा घामेजलेला चेहरा तीन हातांवरून दिसला. चौथ्या घावनाला तो आपणहून उठला आणि म्हणाला, "सरक आई, मी घालतो." त्याची घावनं तव्याला चिकटली, भारताचा नकाशा झाला, ते सोडा. पण तो उठला. लांबच्या ओटीवरून उठला असता का? भिंत हलवून माणूस बदलतो असं मी म्हणत नाही. भिंत हलवली तर त्याला निदान सबब उरत नाही, एवढंच.

सुनेनं ह्यावर एक अट घातली. स्वयंपाकघराचं तोंड पडवीकडे करायचं तर आत दोन माणसं एकदम उभी राहतील एवढा ओटा हवा, आणि पडवीतही एक नळ, एक छोटा कट्टा आणि कप ठेवायचं कपाट. म्हणजे चहा कुणीही, कुठूनही करावा आणि आपला कप आपण विसळावा. अट मंजूर!

आर्किटेक्टबाईंना हे सांगायला गेलो तेव्हा मला धाकधूक होती. त्यांनी मेहनतीनं नकाशा केलेला. पण त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनी चार्ल्स कोरिया यांचं नाव काढलं. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात उघड्या आकाशाखालची जागा ही घराची एक खोलीच असते, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. मला एकदम बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवलं. १९८०च्या दशकात कोरियांनीच उभारलेली ती वसाहत. सात-सात घरांच्या मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं एक छोटं अंगण. नवी मुंबईत एका मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा तिनं मुद्दाम नेऊन दाखवलं होतं. आता तिथली बरीच घरं पाडून उंच बांधली आहेत, पण काही अंगणं तशीच आहेत. एक बाई आपल्या उंबऱ्यात मटार सोलत समोरच्या दारातल्या बाईशी बोलत होती. दोघींनाही मुद्दाम 'बाहेर बसायला' जावं लागत नव्हतं. मला तेव्हा ते नुसतं छान वाटलं होतं. का छान वाटलं ते आत्ता कळलं.

शेवटी ठरलं ते असं. स्वयंपाकघर वायव्येच्या बाजूला, आंब्याच्या सावलीत. त्याला लागून उत्तरेला लांब पडवी, दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. आतली आणि बाहेरची जमीन एका पातळीत, मध्ये उंबरा नाही. फक्त बाहेरच्या बाजूला पाणी जाईल इतका हलका उतार. फरशी गुळगुळीत नको, आमच्या वयाला ती वैरीण. वर पत्रा अजिबात नाही. कोकणातल्या पावसात पत्र्याखाली बसणं म्हणजे पिटीच्या ढोलाखाली बसणं, समोरच्याचं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं आणि तीन फूट पुढे आलेली पागोळी. पडवीचं पूर्वेचं टोक उघडं, तिथून पाखाडी दिसते. म्हणजे "काय, बाजाराक?" चालूच राहणार. ओटी आणि झोपाळा ह्यांच्यासाठी जागच्या जागी. अंगण पालखीसाठी मोकळं. आणि लेकासाठी पश्चिमेला, छप्पर नाही, लाकूड नाही, नुसता चिऱ्याचा एक कट्टा. चार माणसं बसतील एवढा. सूर्यास्त वीस मिनिटांचा असतो, त्याला तेवढा पुरे. तो कुरकुरला थोडा. पण नकाशावर त्यानं स्वतःच्या हातानं तो कट्टा काढला, तेव्हा समजले की पटलंय.

नव्या स्वयंपाकघरापासून पडवीतल्या खुर्चीपर्यंत सात पावलं. उंबरे शून्य.

परवा गवंड्याचा फोन आला होता. जोतं झालंय. विचारत होता, "बाई, सैंपाकघराच्या खिडकीची पट्टी किती उंचावर घेऊ?" नकाशात साडेतीन फूट लिहिलंय, ओट्याच्या हिशेबानं. मी म्हटलं, "तू एक काम कर. बाहेर खुर्चीत बस आणि आत कुणाला तरी ओट्याशी उभं कर. बसल्या जागेवरून त्याचे हात दिसले पाहिजेत." त्याला आधी कळेना. मग म्हणाला, "हात कित्याक, बाई? तोंड दिसला की झाला." मी म्हटलं, "तोंड हसरं करता येतं रे. हातांवरून कळतं किती काम उरलंय."

सासूबाई असत्या तर त्यांनी माझी नक्कल केली असती ह्यावर! 'आमची सूनबाई पावलं मोजते, वहीत ऊन लिहिते...' असं काहीतरी. आणि त्यांना पडवीतल्या पहिल्या खुर्चीत बसवून, घावन मी घालत असताना, ती नक्कल ऐकायला मला फार आवडलं असतं. ते राहिलं. अशा गोष्टी घर बांधून भरून येत नाहीत.

असो. फार लांबलं. गणपतीपर्यंत कौलं चढतील असं गवंडी म्हणतोय, म्हणजे दिवाळी धरा. नातेवाईक मंडळींनी तेव्हा यायचंय, आणि येताना आपापले कप विसळायची तयारी ठेवून यायचंय. बाकी वाचकांना एकच विनंती. घर बांधत असाल किंवा नसाल, फ्लॅटची बाल्कनी असेल नाहीतर गावचं खळं असेल... आज संध्याकाळी आपल्याकडे गॅसच्या शेगडीपासून माणसं बसतात त्या जागेपर्यंत किती पावलं आहेत ती मोजा. आणि मला कळवा. पण एक अट आहे. पावलं रिकाम्या हातानं मोजायची नाहीत. हातात भरलेले सहा कप घेऊन मोजायची.